समुद्र दाराशी, तरी थायरॉईड

रत्नागिरीत कुणाचा थायरॉईडचा रिपोर्ट बिघडला की घरात पहिला संशय मिठावर जातो. त्यामागोमाग दुसरं वाक्य ठरलेलं असतं, ‘पण आपण तर आठवड्यातून चार दिवस मासे खातो, आयोडीन कमी पडेलच कसं?’ शंका रास्त आहे. मिरकरवाड्याच्या बंदरात उतरणाऱ्या बांगड्यात, कोळंबीत, तिसऱ्यांत आयोडीन असतं आणि वाण्याकडच्या पिशवीबंद मिठात तर ते मुद्दाम घातलेलं असतं. तरीही गावोगाव बायकांच्या उशाशी थायरॉक्सिनच्या गोळ्यांची बाटली दिसते. कारण यातल्या बहुतेकींचा आजार आयोडीनच्या कमतरतेचा नाहीच. शरीराच्या स्वतःच्या संरक्षण यंत्रणेने थायरॉईड ग्रंथीवर डूख धरल्याचा तो परिणाम आहे.

मिठावरचा संशय येतो तो शाळेच्या पुस्तकातून. ‘आयोडीनच्या अभावाने गलगंड होतो’ हे वाक्य तीन पिढ्यांनी पाठ केलं, आणि ते खरंही होतं. हिमालयाच्या पायथ्याशी गळ्याला लोंबणाऱ्या गाठी घेऊन गावंच्या गावं जगत होती. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात काही भागांना आयोडीन घातलेलं मीठ आणि एका भागाला साधं मीठ पुरवून फरक तपासला. आयोडीनवाल्या भागांत गलगंड झपाट्याने कमी झाला. १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १७ मे २००६ पासून माणसांच्या खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकायला देशभर बंदी आली.

इथे किनाऱ्यावरच्या एका समजुतीबद्दल बोलायला हवं. समुद्राच्या पाण्यापासून केलेल्या मिठात आयोडीन आपोआप असतं असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. मिठागरातल्या खड्या मिठात ते नावापुरतंच उरतं. लोणची, आगळ आणि सुकी मासळी यांसाठी खडं मीठ वापरा, पण रोजच्या आमटीत आयोडीनयुक्त मीठच असू द्या. सैंधवाची सध्याची फॅशनही याच कारणासाठी जरा जपूनच घ्यावी, विशेषतः घरात गर्भार बाई असेल तर.

आयोडीन पोटात पोचू लागल्यावरही थायरॉईड मंदावण्याचा आजार गेला नाही. २०१३ साली देशातल्या आठ शहरांतल्या पाच हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यात साधारण ११ टक्के लोकांना हायपोथायरॉईडिझम, म्हणजे ग्रंथी मंदावलेली, आढळली आणि सुमारे २२ टक्क्यांच्या रक्तात थायरॉईडविरोधी प्रतिपिंडं सापडली. त्या आठांत मुंबईही होती आणि गोवाही, म्हणजे रत्नागिरीच्या दोन्ही बाजू. किनाऱ्यावरच्या शहरांत प्रमाण साडेनऊ टक्क्यांच्या आसपास होतं, तर आतल्या शहरांत पावणेबारा. समुद्राने थोडी सूट दिली, माफी दिली नाही.

शरीराने स्वतःच्याच ग्रंथीवर हल्ला करण्याचा हा आजार पहिल्यांदा नीट ओळखला तो जपानच्या हाकारू हाशिमोतो या तरुण शल्यविशारदाने. १९१२ साली त्याने चार बायकांच्या कापून काढलेल्या थायरॉईड ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि एका जर्मन नियतकालिकात लेख लिहिला. ग्रंथीच्या पेशींच्या जागी पांढऱ्या रक्तपेशींची दाटी झाली होती. एरवी त्या जंतूंच्या मागावर जमतात, इथे तर जंतूंचा पत्ता नव्हता. लेखाकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. हाशिमोतो आपल्या गावी परतला, घरची प्रॅक्टिस सांभाळू लागला आणि १९३४ मध्ये टायफॉईडने वारला. आपल्या नावाचा आजार जगभर बोलला जाणार आहे याची त्याला कल्पना नसावी.

लक्ष न जाण्याला कारण होतं. शरीर स्वतःवरच हल्ला करेल हे त्या काळच्या वैद्यकाला पटण्यासारखं नव्हतं. पॉल एर्लिखसारख्या दिग्गजाने तसं होणं निसर्गालाच नामंजूर असल्याचं सांगून ठेवलं होतं. १९५६ मध्ये लंडनला आयव्हन रॉइट, डेबोरा डोनियाक आणि सहकाऱ्यांनी हाशिमोतोच्या रुग्णांचं रक्त थायरॉईडच्या अर्काशी भिडवून पाहिलं. रक्तात त्या अर्काविरुद्ध प्रतिपिंडं निघाली. त्याच वर्षी अमेरिकेत नोएल रोज आणि विटेब्स्की यांनी सशांवर प्रयोग करून असाच आजार घडवून दाखवला. माणसाच्या ऑटोइम्यून आजारांचं आजचं शास्त्र उभं राहिलं, त्यात गळ्यातल्या या वीसेक ग्रॅमच्या ग्रंथीचा वाटा मोठा आहे.

आज रिपोर्टवर ‘अँटी-टीपीओ’ असं जे छापून येतं ती अशीच प्रतिपिंडं. थायरॉईडचं संप्रेरक बनवणाऱ्या एका एन्झाइमविरुद्ध ती तयार होतात. प्रत्यक्ष नासधूस मुख्यतः पांढऱ्या पेशी करतात, प्रतिपिंडं हा त्याचा पुरावा. म्हणून हा आकडा दर तीन महिन्यांनी मोजून तो पाचशेवरून चारशेवर आला की पेढे वाटण्यात अर्थ नाही. एकदा वाढलेला दिसला की निदानाचं काम झालं, पुढचा पैसा टीएसएच या रक्ततपासणीवर खर्च करावा. आणि हा दोष घराण्यातून येतो. आईला, मावशीला असेल तर मुलीला होण्याची शक्यता वाढते. पहिल्या प्रकारचा मधुमेह, कोड, बी-१२ न शोषलं जाण्याचा पंडुरोग हे त्याच कुळातले आजार, एकाच घरात दोन-तीन मिळून सापडतात.

मग आयोडीन जास्त खाल्लं तर? उलटं होतं. चीनमध्ये कमी, गरजेपेक्षा थोडं जास्त आणि फारच जादा आयोडीन मिळणाऱ्या तीन भागांची पाच वर्षं पाहणी झाली. जादा आयोडीनच्या भागांत हा ऑटोइम्यून आजार अधिक दिसला. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम लागतं, गर्भारपणात २५०. आयोडीनयुक्त मीठ आणि थोडी मासळी एवढ्यात ते भागतं. ‘थायरॉईडसाठी’ म्हणून बाजारात मिळणाऱ्या समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल हाशिमोतोच्या माणसाने तरी घेऊ नयेत.

आता रत्नागिरीच्या खास गोष्टीकडे येतो. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, महाराष्ट्रात सर्वांत जास्त. कारण सगळ्यांना ठाऊक आहे. पुरुष मुंबईला आणि घर, शेत, सासू-सासरे, मुलं बाईच्या अंगावर. हाशिमोतो पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी पट अधिक होतो, पाच ते दहा पट असा अंदाज दिला जातो. म्हणजे ज्या जिल्ह्यात घरं बायकांच्या जिवावर चालतात, तिथे हा आजार नेमका त्यांनाच गाठतो. आणि त्याची लक्षणं अशी की ती आजार वाटतच नाहीत. थकवा? लावणीच्या दिवसांत कोण थकत नाही. अंग जड, पाय सुजलेले? वय झालं. केस गळतात? पाणी बदललं. पाळीला अंगावरून जास्त जातं? बाईच्या जातीला असायचंच. बद्धकोष्ठ, आवाज घोगरा, विसराळूपणा, मन कशात न लागणं, यातलं एकेक सुटं घेतलं तर त्याला दवाखाना लागत नाही. पण मे महिन्यात घरात सगळे घामाने निथळत असताना एखादी बाई पंखा बंद करायला सांगत असेल आणि अंगावर घ्यायला मागत असेल, तर तिची रक्ततपासणी करावीच. कोकणात हे लक्षण फार बोलकं आहे.

रक्त कमी म्हणून वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या चालू आहेत, हिमोग्लोबिन काही वर येत नाही, असंही चित्र दिसतं. मूळ कधीकधी थायरॉईडमध्ये असतं. कोलेस्टेरॉल अचानक वाढलेलं, गर्भ राहत नाही किंवा राहून जातो, हातांना रात्री मुंग्या येतात, अशा तक्रारींतही टीएसएच तपासणं शहाणपणाचं.

बाळंतपणानंतरचा एक प्रकार तर आपल्या रीतीरिवाजामुळे हमखास नजरेआड होतो. शंभरातल्या पाच-सहा बायकांना बाळंतपणानंतरच्या वर्षात थायरॉईडचा दाह होतो. पहिल्या दोन-चार महिन्यांत ग्रंथीतलं साठवलेलं संप्रेरक रक्तात सांडतं. छातीत धडधड, चिडचिड, वजन उतरणं. मग साठा संपतो आणि चार ते आठ महिन्यांच्या सुमारास ग्रंथी मंदावते. पोरगी पहिलटकरीण म्हणून चिपळूणला किंवा लांज्याला माहेरी आलेली असते. धडधडीचा काळ तिथे जातो, आई म्हणते जागरणं होतात म्हणून असं होतं. मंदावण्याचा काळ येतो तेव्हा ती विरारच्या किंवा डोंबिवलीच्या खोलीत बाळ घेऊन एकटी असते, आणि तिथे सगळे म्हणतात आळशी झाली, रडूबाई झाली. दोन टोकांवरच्या दोन डॉक्टरांपैकी कुणालाच पूर्ण गोष्ट कळत नाही. यातल्या पुष्कळजणींची ग्रंथी वर्षभरात पूर्वपदावर येते, काहींची येत नाही, आणि पूर्वपदावर आलेल्यांपैकीही काहींना पुढे कायमचा आजार जडतो. म्हणून बाळंतिणीची फाईल तिच्याबरोबर फिरली पाहिजे, कपाटात राहता कामा नये.

तपासणीत सगळ्यात उपयोगी आकडा टीएसएचचा. हे संप्रेरक थायरॉईडचं नाही, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचं. थायरॉईड कमी काम करू लागला की पिट्युटरी त्याच्यामागे तगादा लावते, म्हणून थायरॉईड मंद तर टीएसएच जास्त. पुष्कळजण रिपोर्ट उलटा वाचतात आणि ‘थायरॉईड वाढलाय’ म्हणतात. सर्वसाधारण मर्यादा ०.४ ते ४.५ च्या आसपास, प्रयोगशाळेगणिक थोडी इकडेतिकडे. टीएसएच १० च्या वर असेल तर गोळी बहुधा सुरू होते. ४.५ ते १० च्या मधला पट्टा मात्र विचार करण्याचा. इंग्लंडमधल्या व्हिकम गावात हजारो लोकांचा वीस वर्षं पाठपुरावा झाला. टीएसएच वाढलेलं आणि शिवाय प्रतिपिंडंही असलेल्या बायकांपैकी वर्षाला साधारण ४ टक्के पूर्ण आजाराकडे सरकल्या. दोन्हींपैकी एकच असेल तर वेग जवळपास निम्मा. म्हणजे मधल्या पट्ट्यातल्या प्रत्येकीने उद्यापासून गोळी घ्यावी असं नाही. वय, गाठ, मूल होण्याची इच्छा, लक्षणं पाहून डॉक्टर ठरवतात. सत्तरी ओलांडलेल्यांत टीएसएच थोडं चढं असणं साधं आहे, त्यासाठी आजीला गोळ्या चारू नयेत.

एक बारीकसारीक पण महत्त्वाची गोष्ट. टीएसएच दिवसभरात वरखाली होतं, पहाटे जास्त असतं. एकदा सकाळी रत्नागिरीत आणि पुढच्या वेळी संध्याकाळी दादरला अशा दोन तपासण्यांची तुलना करून डोस बदलू नये. शक्य तर प्रयोगशाळा एकच, वेळ एकच, आणि त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर ते दोन-तीन दिवस आधी थांबवा, त्याने आकडे खोटे येऊ शकतात.

उपचाराचा इतिहास मोठा रंजक आहे. १८९१ मध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या डॉक्टरने मेंढीच्या थायरॉईडचा अर्क एका ४६ वर्षांच्या बाईला टोचला. मरणपंथाला लागलेली ती बाई त्यावर आणखी २८ वर्षं जगली. तेवढ्यासाठी साडेआठशेहून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. एडवर्ड केंडलने १९१४ च्या नाताळच्या दिवशी शुद्ध थायरॉक्सिन वेगळं काढलं, १९२७ मध्ये हॅरिंग्टन आणि बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत तयार केलं. आज तीच गोष्ट दिवसाला एका कटिंग चहाहून कमी पैशांत मिळते आणि सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहे. दीर्घ आजारांत इतकं स्वस्त आणि इतकं नेमकं औषध क्वचितच असतं. शरीर जे बनवेनासं झालं तेच, अणूरेणूने तेच, आपण बाहेरून देतो. ‘स्टिरॉइड आहे का? सवय लागते का?’ हे प्रश्न म्हणूनच गैरलागू.

पण गोळी स्वभावाने मानी आहे. तिला रिकामं पोट लागतं आणि पाण्याखेरीज सोबत चालत नाही. कोकणातल्या बाईचा दिवस चुलीवर चहा ठेवून सुरू होतो, आणि पाऊण तास चहा थांबवणं हे वाटतं तितकं सोपं नाही. जमत असेल तर उठल्याबरोबर गोळी, पाणी, मग अंगण, झाडलोट, गुरांचं पाहून चहा. जमत नसेल तर रात्री झोपताना घ्या, फक्त जेवणाला तीन तास झालेले असावेत. नेदरलँड्समधल्या २०१० च्या एका चाचणीत रात्रीची गोळी सकाळच्या गोळीपेक्षा थोडी सरसच ठरली. रमझानच्या महिन्यात रोजे धरणाऱ्यांना ही रात्रीची वेळ विशेष सोयीची. नवरात्रात किंवा श्रावणी सोमवारी घोटभर पाण्याबरोबर गोळी घेतल्याने उपवास मोडत नाही, निदान कुठल्याही समंजस देवाला तरी तो मोडला असं वाटणार नाही.

खरी गाठ पडते ती लोह आणि कॅल्शियमशी. गर्भार बाईला आरोग्य केंद्रातून लोहाच्या लाल गोळ्या मिळतात, कॅल्शियम मिळतं, आणि पुष्कळजणी सोयीचं म्हणून सगळं एकदम सकाळी गिळतात. पोटात लोह आणि कॅल्शियम थायरॉक्सिनला धरून ठेवतात, ते रक्तात पोचतच नाही, आणि डॉक्टर बिचारे डोस वाढवत राहतात. मध्ये चार तास जायला हवेत. थायरॉईडची गोळी सकाळी घेत असाल तर लोह दुपारच्या जेवणानंतर, कॅल्शियम रात्रीच्या, असं बांधून घ्या. आम्लपित्ताच्या औषधांचीही हीच कथा.

दुसरा शत्रू पाऊस. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि आषाढात पापडसुद्धा मऊ पडतो. थायरॉक्सिनला दमट हवा, उष्णता आणि उजेड सोसत नाही. बाटलीतल्या गोळ्या काढून प्लास्टिकच्या डबीत भरणं, चुलीजवळच्या किंवा देवघराच्या फळीवर ठेवणं, झाकण उघडं टाकणं, हे सगळं टाळा. मूळ बाटली, आतली ओलावा शोषणारी पुडी जागच्या जागी, घट्ट झाकण, कोरडं कपाट. पावसाळ्यानंतर कारण नसताना टीएसएच चढलं तर डोस वाढवण्याआधी बाटली कुठे ठेवली होती ते विचारावं.

थायरॉक्सिन शरीरात सावकाश झिजतं, निम्मं व्हायला आठवडा लागतो. त्यामुळे एखाद्या दिवशी गोळी राहिली तर घाबरायचं कारण नाही, आठवण येईल तेव्हा रिकाम्या पोटी घ्यावी. याच गुणामुळे डोस बदलल्यावर सहा-आठ आठवड्यांच्या आत तपासणी करणं म्हणजे पैसे वाया घालवणं. आणि याच गुणामुळे सगळ्यात मोठी चूकही घडते. रिपोर्ट नॉर्मल आला, गोळी बंद केली, पंधरा दिवस काहीच झालं नाही, म्हणजे बरं झालो! महिना-दोन महिन्यांनी सगळं परत येतं. रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळे. वयस्कर माणसात गोळी फार काळ बंद राहिली आणि त्यात न्यूमोनियासारखं काही उद्भवलं तर जिवावर बेतू शकतं.

खाण्यापिण्यावरची बंधनं मात्र गावात भलतीच कडक. कोबी बंद, फ्लॉवर बंद, मुळा बंद. शिजवलेला कोबी आठवड्यातून दोनदा खाल्ल्याने आयोडीन पुरेसं मिळणाऱ्या माणसाला काही होत नाही. बाजरीत थायरॉईडला अटकाव करणारी द्रव्यं असतात हे सुदानमधल्या अभ्यासांतून दिसलं, पण तिथे आयोडीनची टंचाई होती आणि जेवण बाजरीचंच होतं. आपण भात-माशाची माणसं, एखाद्या भाकरीने बिघडत नाही. सोयाबीन गोळीच्या वेळेपासून दूर ठेवलं की झालं. गहू सोडायची गरज सिलिअ‍ॅक आजार असेल तरच. कांचनार गुग्गुळ किंवा अश्वगंधा चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, लपवू नका. अश्वगंधेने थायरॉईडचे आकडे हलल्याची उदाहरणं आहेत. आणि वजन? ग्रंथी मंदावल्याने वाढतं ते काही किलो, त्यातही बरंचसं पाणी. उरलेल्याचा दोष थायरॉईडवर टाकून गोळी मनाने वाढवणाऱ्यांना हाडं ठिसूळ होणं आणि हृदयाचे ठोके अनियमित होणं हे दोन धोके पत्करावे लागतात.

सगळ्यात घाईचा प्रसंग एकच, गर्भारपण. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचा स्वतःचा थायरॉईड कामाला लागलेला नसतो, त्याच्या मेंदूची वाढ आईच्या संप्रेरकावर चालते. म्हणून आधीपासून गोळी घेणाऱ्या बाईचा डोस गर्भ राहिल्याबरोबर साधारण पंचवीस ते तीस टक्के वाढवावा लागतो, आणि तो पाचव्या महिन्यात नव्हे, पाळी चुकल्याचं कळल्याच्या आठवड्यात. थायरॉईडच्या गोळ्या चालू असतील आणि चाचणीत दुसरी रेघ उमटली, तर सासरी-माहेरी गोड बातमी कळवण्याआधी डॉक्टरांना फोन करा आणि त्याच आठवड्यात टीएसएच तपासून घ्या.